भाऊजींचं शंभर तासांचं पत्र

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

'माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी तिथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. तिकडे मेडिकलला अर्ज करताना डॉक्टरांजवळ बसून त्यांचं काम पाहिल्याचे तास दाखवावे लागतात म्हणे, त्याला शॅडोइंग म्हणतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत ती आमच्याकडे तिलक नगरला राहणार आहे. भाऊ म्हणतो, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत, लावून दे कुठेतरी. माझे धाकटे दीर डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "वहिनी, त्यात काय! लेटरहेडवर शंभर तासांचं पत्र देतो, पोरीला सराफ्यातल्या खाऊगल्लीत फिरू दे." भावाला हे पटलं. भाचीला नाही. ती व्हिडिओ कॉलवर सारखी विचारते, "आत्या, खरंच कुठे बसायला मिळेल का?" कुणाकडे शब्द टाकू, काय म्हणून विचारू, आणि हे तास लिहून कसे ठेवायचे? — एक आत्या, इंदूर'

ताई,

भाचीला माझा आशीर्वाद सांगा. घरातल्या मोठ्यांना जे पटलं ते तिला पटलं नाही, आणि बरोबर तीच आहे.

भाऊजींच्या पत्राचा निकाल आधी लावून टाकू. अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचे अर्ज ॲमकॅस नावाच्या सामायिक व्यवस्थेतून जातात. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था ती चालवते. तिथे कामं आणि उपक्रम लिहायला जास्तीत जास्त १५ नोंदींची जागा असते, आणि डॉक्टरांजवळ बसून केलेलं निरीक्षण हा त्यातला एक ठरलेला प्रकार आहे. नोंदीत विचारतात ते एवढंच: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास किती, आणि हे ज्याला माहीत आहे अशा माणसाचं नाव, हुद्दा नि संपर्क. लेटरहेड डकवायला जागाच नाही. म्हणजे भाऊजी ज्या कागदावर खोटं लिहायला निघालेत, तो कागद कुणी मागितलेलाच नाही! मागितलाय तो संपर्क. उद्या एखाद्या कॉलेजाने ई-मेल टाकून विचारलं, तर भाऊजींना पुन्हा खोटं बोलावं लागेल, तेही लेखी. शिवाय अर्ज पाठवताना 'यातलं सगळं खरं आहे' हे भाचीला स्वतः मान्य करावं लागतं. तिथे नाव तिचं लागतं, भाऊजींचं नाही.

मुलाखतीचं तर बोलायलाच नको. शंभर तास डॉक्टरांजवळ बसलीस, त्यातला कुठला पेशंट अजून आठवतो, असं कुणी सहज विचारलं तर ती काय सांगणार? सराफ्यातली जोशींची दहीवड्याची प्लेट वर कशी उडते ते?

भाऊजींना मात्र दुखवू नका. घरात पुढची अनेक वर्षं त्यांच्याशी तुम्हाला वागायचंय. त्यांना म्हणा, 'भाऊजी, पत्र नको, ओळख द्या. तुमच्या एखाद्या मित्राकडे पोरीला बसायला मिळेल असं बघा.' नात्यातल्या डॉक्टरांकडे काढलेले तास तिकडे तसेही फिके मानतात, हे कारण खरं आहे आणि सांगायला सोयीचंही. डॉक्टर मंडळींना शब्द टाकायला सांगितला की बरं वाटतं. आम्हाला आमच्या उपयोगापेक्षा आमच्या ओळखींचा अभिमान जास्त.

आता तास किती. सगळीकडे चालेल असा ठरलेला आकडा नाही. एखादं कॉलेज स्वतःची अपेक्षा सांगतं, बरीच सांगत नाहीत. शंभर हा आकडा भाऊजींना गोल वाटला म्हणून आलाय. रोज तीन तास, आठवड्याचे चार दिवस, पाच आठवडे धरले तर साठ तास होतात. सहा आठवड्यांच्या मुक्कामात आजारपण, कुणाचं लग्न, उज्जैन-ओंकारेश्वर हे सगळं वजा जाता साठ तास खरे बसले तर भरपूर झालं. आणि हे सगळे तास इंदुरात काढून भागणार नाही, हे भाचीला आत्ताच सांगा. तिथल्या कॉलेजांना तिने तिथली व्यवस्था पाहिलेली हवी असते: तिथला विमा, तिथली अपॉइंटमेंट, तिथला डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत किती बोलतो आणि माणसाकडे बघत किती. इंदूरचे तास त्याला जोड म्हणून उत्तम. परत गेल्यावर तिने तिथेही एखादा डॉक्टर गाठावा.

कुणाकडे बसवायचं? तुमच्या मनात पहिलं नाव एमवायचं आलं असणार. महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, मागे १९४८ पासूनचं एमजीएम मेडिकल कॉलेज, पेशंटांचा महापूर; एका सकाळी जेवढं दिसेल तेवढं न्यू जर्सीत महिन्यात दिसणार नाही. पण माझं मत विचाराल तर पहिला अर्ज तिथे नको. सरकारी कॉलेज आहे, परवानगी अधिष्ठाता किंवा अधीक्षकांच्या कार्यालयातून विभागप्रमुखांपर्यंत फिरून येते, आणि पलंगाभोवती त्यांचेच विद्यार्थी, इंटर्न आणि रेसिडेंट तीन रांगांत उभे असतात. चौथ्या रांगेतून तुमच्या भाचीला पेशंट दिसणार नाही, डॉक्टरांची पाठ दिसेल. ओळखीने मागच्या दाराने आत शिरायचा मोह तर मुळीच नको. हजेरीला कागद नसेल तर ते तास तिला लिहिता येणार नाहीत.

मी तिला एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरकडे बसवीन. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तुमच्याच तिलक नगरात असे डॉक्टर अजून आहेत, ज्यांच्याकडे आजीपासून नातवापर्यंत एकाच घरातले सगळे येतात. जून-जुलै म्हणजे पावसाचा हंगाम: ताप, जुलाब, टायफॉइड, मलेरिया, डेंग्यूची शंका, मध्येच जुना दमा, मध्येच साखर वाढलेली. डॉक्टरकी म्हणजे शंकांमधून वाट काढणं, हे तिला तिथे दिसेल. कॉर्पोरेट हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे थाट दिसेल, पण तिथे पेशंट निदान घेऊनच आलेला असतो. पाचातले तीन आठवडे जनरल प्रॅक्टिशनर, दोन आठवडे एखादं मध्यम आकाराचं हॉस्पिटल, मेडिसिन किंवा बालरोग, अशी वाटणी मला आवडेल. 'शॅडोइंगचं पॅकेज' म्हणून पैसे घेणारे एजंट असतात, त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नका.

विचारायचं तिने. तुम्ही फक्त दार उघडून द्या. आत्याने सगळं ठरवलं आणि मुलगी येऊन खुर्चीवर बसली, तर डॉक्टर तिला पाहुणी म्हणून वागवतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. एप्रिलमध्येच तिने छोटा ई-मेल लिहावा. असं काही: 'मी अमुक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जून-जुलैत इंदूरला आत्याकडे असेन. आपल्या क्लिनिकमध्ये आठवड्यातले चार दिवस, आपल्या सोयीच्या वेळी, फक्त बघायला बसता येईल का? मी पेशंटना हात लावणार नाही, औषध देणार नाही, फोटो काढणार नाही. ज्या पेशंटला नको असेल त्याच्या वेळी बाहेर थांबेन. दर आठवड्याला माझ्या तासांच्या कागदावर आपली सही लागेल आणि अर्जात आपला ई-मेल संपर्क म्हणून द्यायची परवानगी हवी आहे.' शेवटचं वाक्य पहिल्याच पत्रात हवं. जुलैच्या एकतीस तारखेला, बॅग भरलेली असताना सही मागायला गेलं की डॉक्टर नेमके कॉन्फरन्सला गेलेले असतात.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक फोन, तोही दुपारी, दोन ओपीडींच्या मधल्या वेळात. त्यानंतर दुसरा डॉक्टर. एकाच्या मागे लागू नका. पर्यटक व्हिसावर येणार असेल तर व्हिसाच्या अटी आधी वाचून घ्या, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. हॉस्पिटलचं कार्यालय हे कागद हमखास मागतं. लसींचं कार्डही बरोबर असू दे. हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या या बहुधा तिकडे शाळा-कॉलेजातच झालेल्या असतात. क्षयाच्या वॉर्डात बसायचा हट्ट नको. आणि परत गेल्यावर टीबीची तपासणी करून घेऊ दे, तिथली कॉलेजं पुढे ती मागतातच.

आता जे मला सविस्तर सांगायचंय ते.

आपल्याकडे पेशंट डॉक्टरांना नाही म्हणत नाही. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडून विचारलं, 'ये बिटिया अमेरिका से आई है, बैठे तो चलेगा ना?' तर समोरचा माणूस हात जोडून 'हाँ साहब' म्हणणार, मनात काहीही असो. त्या होकाराला मी होकार धरत नाही. म्हणून विचारायचं काम बाहेर व्हायला हवं, पेशंट आत यायच्या आधी. क्लिनिकमध्ये कंपाउंडर असतो किंवा पर्चा, म्हणजे केसपेपर, करणारी मुलगी असते. तिने नंबर पुकारताना हळूच विचारावं, 'आत एक विद्यार्थिनी बसली आहे, नको असेल तर ती बाहेर येईल.' त्या मुलीला 'नको' सांगणं लोकांना सोपं जातं. डॉक्टरांना ही पद्धत घालून द्यायला भाचीनेच सुचवावं. बहुतेक डॉक्टरांना कौतुकच वाटेल.

त्यातही काही वेळा तिने कुणी सांगायची वाट न पाहता उठायचं. मी जिथे बसायचो तिथे धार, झाबुआ, बडवानीकडून येणारी जोडपी खूप. बाई डोक्यावरून पदर ओढून बसलेली, उत्तरं नवरा देतोय: 'कमजोरी है, चक्कर आते हैं.' डॉक्टर चार प्रश्न विचारतात, चारही उत्तरं नवऱ्याचीच. मग अनुभवी डॉक्टर नवऱ्याला म्हणतात, 'भैया, बाहर जाके वजन वाली पर्ची बनवा लाओ.' दार लागलं की बाई मान वर करते आणि खरं काय ते सांगते. अंगावरून जातंय, किंवा घरात मार आहे, किंवा पुन्हा दिवस गेलेत आणि नकोत. त्या दोन मिनिटांसाठी डॉक्टरांनी सगळी खटपट केलेली असते. तेव्हा कोपऱ्यात जीन्स घातलेली अनोळखी मुलगी वही घेऊन बसली असेल तर बाई पदर परत ओढून घेईल. नवरा उठला की आपणही उठायचं, हे भाचीला पहिल्या दिवशी सांगा. डॉक्टरांनी नंतर स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं. नाही सांगितलं तर विचारायचं नाही.

आतून तपासणी, मनाचा आजार, एचआयव्हीचा रिपोर्ट, वाईट बातमी सांगण्याची वेळ, या सगळ्याला हाच नियम. यामुळे तास कमी होतात का? होतात. होऊ देत.

सोनोग्राफीचं वेगळं सांगतो, कारण अमेरिकेत वाढलेल्या मुलीच्या हे ध्यानातच येणार नाही. तिकडे गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टर सांगतात, घरात केक कापतात. इथे १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात तसा बोर्ड लावलेला असतो. गरोदर बाईसमोर तिने निरागसपणे 'बॉय ऑर गर्ल?' विचारलं तर डॉक्टरांच्या काळजाचा ठोका चुकेल. या खोलीत बाहेरच्या माणसाला बसवायला डॉक्टर नाखूश असतात. तिथे आग्रह करू नये.

आणखी एक मोह आहे, तो डॉक्टरच दाखवतील. आपल्याकडे मन मोठं असतं. 'इतक्या लांबून आलीस, नुसती काय बसतेस, चल टाका घाल,' 'हे इंजेक्शन तू दे,' 'डिलिव्हरीला हातमोजे घाल.' तिला आनंद होईल, तुम्हालाही कौतुक वाटेल, भावाला फोटो जाईल. आणि तोच फोटो तिच्या अर्जाचा घात करेल. मी वर ज्या अमेरिकन संस्थेचं नाव घेतलं, तिने २०११ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: परदेशात जाऊन विद्यार्थ्यांनी असं काहीही करू नये, ज्याचं प्रशिक्षण आणि अधिकार त्यांच्याकडे नाही. गरीब देशातल्या पेशंटवर हात साफ करून आलेला विद्यार्थी तिथल्या निवड समितीला धाडसी वाटत नाही, बेजबाबदार वाटतो. मलाही तो तसाच वाटतो. झाबुआच्या माणसाची कातडी शिकाऊ हातांसाठी नसते. तिने हसून म्हणावं, 'सर, मला परवानगी नाही, मी बघते.' एवढ्यावर कुणी रागावत नाही.

पांढरा कोट घालू नये. पेशंट तिलाच डॉक्टर समजून रिपोर्ट दाखवायला लागतात. साधा कुर्ता, बंद बूट, बांधलेले केस. फोन पर्समध्ये, आवाज बंद. मराठी तिला येतंच असेल, हिंदी कच्चं असेल तर येण्याआधी थोडं पक्कं करू दे. मालवी-निमाडी ही इकडची बोली पहिल्या आठवड्यात कळणार नाही, दुसऱ्या आठवड्यात अर्धं कळेल.

आता नोंदी. इथे मी तिला दोन वेगळे कागद ठेवायला सांगेन, कारण एकाच वहीत सगळं लिहिलं की ती वही कुणालाच दाखवता येत नाही.

पहिला, तासांचा तक्ता. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, ठिकाण, विभाग, डॉक्टरांचं नाव, त्या दिवसाचे तास, आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांची सही. यात पेशंटबद्दल एक अक्षर नाही. तास मोजायचे ते खोलीत बसल्याचे. विजय नगरच्या सिग्नलला रिक्षात गेलेला अर्धा तास, डॉक्टर अचानक बाहेर गेले म्हणून बाकावर घालवलेला तास, मधला चहा, हे धरायचं नाही. पाच पन्नासला बसली आणि आठ वीसला उठली तर अडीच तास, तीन नव्हे. अशी चोख बेरीज अठ्ठावन्न किंवा एकसष्ट अशी येते, आणि ती तशीच लिहायची. सही आठवड्याच्या आठवड्याला घ्या. पाच आठवड्यांची एकदम घेतली तर डॉक्टरही अंदाजे करतात आणि तीही. तक्त्याचा फोटो दर आठवड्याला स्वतःलाच ई-मेल करून ठेवू दे. अर्ज बहुधा वर्ष-दोन वर्षांनी भरला जाईल, तोवर कागद आत्याच्या कपाटात साड्यांखाली गेलेला असतो.

दुसरी, पाहिलेलं लिहायची वही. ही फक्त तिची, आणि खोलीत बसून लिहायची नाही. पेशंट बोलत असताना पेन चाललं की तो थबकतो. घरी आल्यावर, जेवणाआधी, त्याच संध्याकाळी. हिच्यात तारीख नाही, 'तिसरा आठवडा' एवढंच. नाव नाही, गाव नाही, पर्च्याचा नंबर नाही. वय अंदाजे. अमेरिकेत १९९६ च्या हिपा कायद्यामुळे पेशंटची ओळख पटवणाऱ्या १८ प्रकारच्या गोष्टींची यादीच आहे: नाव, पत्ता, तारखा, फोन, चेहऱ्याचा फोटो वगैरे. तो कायदा इंदुरात लागू नाही, पण तिचा अर्ज वाचणारी माणसं त्याच शिस्तीत वाढलेली असतात. आणि पेशंटचं गुपित राखायचं बंधन इथल्या डॉक्टरांवरही आहेच. तिच्या वहीतून ते फुटलं तर बट्टा डॉक्टरांना लागेल. काही वेळा नाव नसूनही माणूस ओळखू येतो. 'आमच्या गल्लीतले बँकेतून रिटायर झालेले काका' असं लिहिलं तर तिलक नगरात सगळ्यांना कळेल कोण ते! आणि ताई, हे तुम्हालाही लागू. रात्री जेवताना 'आज कोण कोण आलं होतं गं?' असं विचारायचं नाही. तिला खोटं तरी बोलावं लागेल किंवा उद्धट तरी व्हावं लागेल.

वहीत लिहायचं काय? 'आज सत्तावीस पेशंट पाहिले, डायबेटिस, बीपी, खूप शिकायला मिळालं' हे वाया गेलेलं पान. त्यापेक्षा एकच पेशंट, पण नीट. उदाहरणादाखल मी एक लिहून दाखवतो:

'तिसरा आठवडा. साठीतले गृहस्थ, मधुमेह, साखर वाढलेली. मला वाटलं गोळी वाढवतील. डॉक्टरांनी आधी विचारलं, जुनी गोळी रोज घेता? ते म्हणाले, एक दिवसाआड. एक स्ट्रिप जास्त दिवस पुरते. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, जनऔषधी केंद्रातून घ्यायला सांगितलं, एका महिन्याने बोलावलं. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, रिपोर्ट बघून डोस वाढवला असता तर मी कागदावर बरोबर ठरलो असतो. माझा प्रश्न: न्यू जर्सीत हे कुणी विचारलं असतं का? तिथे लोक गोळ्या पुरवून खात नाहीत का?'

या पानात आजाराची माहिती ओळभर आहे. बाकी सगळं डॉक्टरांनी काय विचारलं, काय केलं नाही, आणि तिला काय वाटलं होतं ते. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्यामुळे इंदूरचा अनुभव 'गरीब देशाचं दर्शन' होत नाही. औषध परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करणारी माणसं अमेरिकेतही आहेत. तिथे गेल्यावर तिने ती शोधावीत.

बघायला सांगा अशा आणखी काही जागा: डॉक्टर तपासणी लिहिताना पेशंटच्या चपलांकडे, पिशवीकडे कसं बघतात, 'आयुष्मान कार्ड है?' हे कधी विचारतात. परतीची बस किती वाजता आहे यावरून औषध पाच दिवसांचं की पंधरा दिवसांचं हे कसं ठरतं. आदिवासी भागातून आलेला फिकट मुलगा दिसला की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी का सुचवतात, हे विचारू दे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोलहून सुरू झाली. अमेरिकेतही हा आजार आहे, मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या लोकांत. दोन्हीकडचं पाहिलेली मुलगी त्यावर चार वाक्यं स्वतःची बोलू शकेल.

अर्जातल्या प्रत्येक नोंदीच्या वर्णनाला ७०० अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागांसकट. ही फार थोडी जागा आहे, या उत्तरातला एक मोठा परिच्छेदही तिच्यात मावणार नाही. तीन नोंदी 'सगळ्यांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ अक्षरं मिळतात. इंदूरचे सगळे डॉक्टर एकाच नोंदीत एकत्र लिहिलेले बरे. प्रत्येकाची वेगळी नोंद करून १५ जागा भरणं कुणाला फसवत नाही. त्या ७०० अक्षरांचा कच्चा मसुदा परतीच्या विमानात बसण्याआधी इथेच लिहून काढायचा, डॉक्टर हाताशी आहेत तोवर. तारखा, विभाग, तास तपासून घ्यायचे आणि उरलेल्या जागेत वहीतलं एकच पान. शेवटी 'यामुळे माझा डॉक्टर होण्याचा निश्चय पक्का झाला' हे वाक्य खोडायला सांगा. ते सगळेच लिहितात. तिचा निश्चय डळमळला असेल, तर ते वहीत प्रामाणिकपणे लिहू दे आणि तुमच्याशी बोलू दे. पाच आठवडे पावसाळ्यातल्या ओपीडीत बसून एखादीला हे आपलं काम नव्हे असं कळलं, तरी तास सत्कारणी लागले असं मी म्हणेन. तुमच्या भावाला ते पटणार नाही, पण ती बाजू तुम्ही सांभाळा.

संपर्काच्या ई-मेलचं एक बघा. आपले डॉक्टर व्हॉट्सॲपवर जगतात आणि ई-मेल कंपाउंडरचा मुलगा महिन्यातून एकदा उघडतो. डॉक्टर स्वतः पाहतात असाच पत्ता घ्या, आणि निघण्याआधी भाचीने त्यावर तासांच्या अंतिम तक्त्याची प्रत पाठवावी. म्हणजे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर डॉक्टरांना आठवायचे कष्ट नाहीत, शोधलं की सापडेल. अर्ज करेल त्या वर्षी तिने आधी चार ओळी टाकाव्यात: मी आता अर्ज करते आहे, आपलं नाव दिलंय, चालेल ना?

आणि तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंयत, डॉक्टरांना काही द्यावं लागेल का. पाकीट नको, डॉक्टरांना अवघडल्यासारखं होतं आणि व्यवहाराचा वास येतो. शेवटच्या दिवशी मिठाईचा खोका नेलात तर कंपाउंडर आणि पर्चा करणाऱ्या मुलीसाठीही वेगळा न्या. पेशंटना विचारायचं खरं काम त्यांनीच केलेलं असेल. आभाराचं पत्र भाचीने स्वतः लिहावं, हाताने, शक्य तर मराठीत. शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही सुधारू नका.